घरगुती हिंसाचाराच्या ऑर्डरवरचं अपील (गोवा)

बाईला मारू नका, घरातून काढू नका, खर्चाला पैसे द्या अशी ऑर्डर मॅजिस्ट्रेट देतो किंवा द्यायला नकार देतो, आणि जे मिळालं ते ज्याला पटत नाही तो त्याच्या वरच्या कोर्टात जातो, ते हे अपील. बायको जाऊ शकते, नवराही. कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू, आणि अपिलाचं कलम २९. म्हापसा, डिचोलीची ऑर्डर असली तर उत्तर गोव्याच्या सेशन्स कोर्टात, वास्कोची असली तर दक्षिण गोव्याच्या. मुदत ३० दिवस, ऑर्डर हातात पडल्यापासून मोजायची, म्हणून सर्टिफाइड कॉपी कधी मिळाली ती तारीख जपून ठेवावी.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: अपील घातलं म्हणजे ऑर्डर थांबली असं नाही. नवरा अपिलाचा कागद दाखवत दारात उभा राहतो, म्हणतो आता ती ऑर्डर चालत नाही, आणि बाई बिचारी बॅग भरायला लागते. भरू नये! त्या कागदावर स्टे, म्हणजे ऑर्डरला वरच्या कोर्टाची स्थगिती, आहे का ते आधी बघायचं, नुसता फाइल केल्याचा शिक्का म्हणजे स्टे नव्हे. स्टे नसताना प्रोटेक्शन ऑर्डर (मारू नका, त्रास देऊ नका ही) मोडली तर कलम ३१ खाली १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सेशन्स जज काय तपासतो? केस संपताना दिलेल्या शेवटच्या ऑर्डरवर अपील असेल तर पुरावा परत वाचता येतो, पण साक्षी मॅजिस्ट्रेटसमोर झालेल्या असतात, त्याने माणसं बोलताना पाहिलेली असतात, म्हणून त्याच्या मताला वजन राहतं. केस चालू असतानाच्या अंतरिम ऑर्डरचं वेगळं. मुंबई हायकोर्टाने २००८ मध्ये अभिजित औटी केसमध्ये सांगितलं की अंतरिम ऑर्डरवरही अपील चालतं, पण मॅजिस्ट्रेटने मनमानी केली किंवा कायद्याची ठरलेली तत्त्वं डावलली असं दिसलं तरच सेशन्स जजने हात घालायचा, 'मी असतो तर वेगळं केलं असतं' एवढ्यावर नाही. मला हे योग्य वाटतं, नाहीतर जेमतेम हातात आलेली पोटगी दर पायरीवर लटकत राहील. तारीख पुढे ढकलली वगैरे नुसत्या प्रोसिजरच्या ऑर्डरवर मात्र अपील नाही.

नोकरी गेली, पगार बदलला अशी परिस्थिती नंतर बदलली असेल तर अपील नको, कलम २५ खाली त्याच मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. ऑर्डर मुळातच चुकली म्हणायचं असेल तर अपील. सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं की बदल हा ऑर्डरच्या नंतरचा पाहिजे, जुनीच तक्रार या वाटेने परत आणता येत नाही.

सेशन्सनंतर पर्वरीला हायकोर्ट (मुंबई हायकोर्टाचंच गोव्यातलं खंडपीठ), पण तिथे पुरावा नव्याने तोलत बसत नाहीत, मोठी कायदेशीर चूक लागते. वकिलाला पैसे नसले तरी अडू नये, बाईला मोफत वकील मिळतो, कमाई कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, आणि तोही ३० दिवस संपायच्या आत.