जिवाणूंचे जनुकीय ठसे

एकाच जातीच्या जिवाणूंचे निरनिराळे वाण त्यांच्या डीएनएतील फरकांवरून वेगळे ओळखण्याची पद्धत. साथीचा उगम शोधताना ‘ई. कोलाय (आतड्यात राहणारा एक जिवाणू) सापडला’ एवढ्याने भागत नाही. रुग्णाच्या शौचातला वाण आणि संशयित अन्नातला वाण एकच आहे का, हे ठरवावे लागते; सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात.

या कामासाठी पल्स्ड-फील्ड जेल इलेक्ट्रोफोरेसिस (विद्युत क्षेत्राच्या जोराने डीएनएचे तुकडे जेलमधून सरकवून आकारानुसार वेगळे करणे) ही पद्धत दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. तीत जिवाणू अगारोज या जेलसारख्या पदार्थाच्या छोट्या वडीत बसवून तेथेच फोडतात, त्यामुळे लांबलचक डीएनए हाताळताना तुटत नाही. मग मोजक्याच ठिकाणी छेद देणारे एन्झाइम वापरून त्याचे थोडे, पण मोठे तुकडे करतात. साध्या जेलमध्ये इतके मोठे तुकडे वेगळे होत नाहीत, म्हणून विद्युत क्षेत्राची दिशा ठरावीक अंतराने बदलत ठेवतात. शेवटी उमटलेला पट्ट्यांचा क्रम हा त्या वाणाचा ठसा. एका उत्परिवर्तनानेही (डीएनएतील आपोआप झालेल्या बदलानेही) दोन-तीन पट्ट्या बदलू शकतात, त्यामुळे किरकोळ फरक दिसला म्हणून नाते लगेच नाकारता येत नाही. अमेरिकेत १९९३ साली हॅम्बर्गरमधून पसरलेल्या ई. कोलायच्या ओ१५७:एच७ या घातक प्रकाराच्या साथीनंतर, १९९६ मध्ये, असे ठसे देशभर जुळवून पाहणारे ‘पल्सनेट’ हे प्रयोगशाळांचे जाळे उभे राहिले.

क्षयरोगात आयएस६११० हा डीएनएखंड जीनोममध्ये (जिवाणूच्या संपूर्ण डीएनएत) किती ठिकाणी व कोठे आहे, यावरून ठसा काढत. केपटाऊनमध्ये बरे होऊन पुन्हा आजारी पडलेल्या १६ रुग्णांपैकी १२ जणांचा दुसऱ्या वेळचा वाण वेगळा निघाला (१९९९). म्हणजे जुना रोग उलटला नव्हता, नवा संसर्ग झाला होता. दक्षिण भारतातील अनेक वाणांत मात्र या खंडाची एकच प्रत असते किंवा एकही नसते. तेथे ठसे जुळले तरी त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही.

१९९८ पासून साधारणपणे सात जनुकांचे क्रम ताडून पाहणारी एमएलएसटी (मल्टिलोकस सिक्वेन्स टायपिंग) पद्धत आली. आता अनेक ठिकाणी संपूर्ण जीनोमच वाचतात. त्यालाही मर्यादा आहेच: क्षयाच्या जिवाणूच्या सुमारे ४४ लाख अक्षरांच्या जीनोममध्ये वर्षाला सरासरी एकही बदल होत नाही, म्हणून दोन रुग्णांतील वाण तंतोतंत जुळले तरी कोणाकडून कोणाला लागण झाली, हे केवळ जीनोमवरून सांगता येत नाही.