गोठलंय की ऐकू येत नाही? लिनक्स टाकताना माऊस-कीबोर्ड गप्प झाले तर

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडतीत लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम) टाकायला गेलो होतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला होता. विंडोज ११ त्या मशीनला झेपणारं नव्हतं आणि नुसत्या हिशेबासाठी नवं मशीन घ्यायला मालक तयार नव्हते. पेनड्राइव्ह लावला, मेनू आला, बाणाच्या कळीने पहिला पर्याय निवडला, लोगो दिसला, डेस्कटॉप उघडला. आणि माऊस हलेना. कीबोर्डही गप्प.

“गार पडलं काय?” दिवाणजींनी विचारलं.

“हँग झालंय,” मी म्हणालो आणि पॉवरचं बटण दाबून धरलं. असं तीनदा केलं. मेनूतला कंपॅटिबिलिटी मोड वापरून पाहिला, पेनड्राइव्ह नव्याने बनवून पाहिला. तास गेला. चौथ्या वेळी दिवाणजींनी वहीतून मान वर केली. “अरे, त्या कोपऱ्यातलं घड्याळ तर चाललंय की.”

खरंच चाललं होतं. ११:४२ चे ११:४३ झाले होते. मशीन गोठलं नव्हतंच, त्याला फक्त आमचं ऐकू येत नव्हतं.

हे दोन आजार बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात, म्हणून सगळा घोळ होतो. एकात मशीनच थांबलेलं असतं: स्क्रीनवर दिसतं ते शेवटचं चित्र, मागे काही चालू नाही. दुसऱ्यात मशीन ठणठणीत असतं, पण कीबोर्ड-माऊसचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही. बेल दाबली आणि दार उघडलं नाही, तर घरात कोणी नसेल किंवा बेल बिघडली असेल. बाहेर उभ्या माणसाला दोन्ही सारखंच. पण एकात कुलूपवाला बोलवावा लागतो आणि दुसऱ्यात नुसती हाक मारून भागतं. मी तासभर कुलूपवाल्यामागे धावत होतो.

आधी एक प्रश्न सोडवू, कारण तो जवळजवळ प्रत्येकजण विचारतो: बायोसमध्ये (मशीन चालू होताच बोर्डावरचा जो प्रोग्राम आधी जागा होतो त्यात) कीबोर्ड चालतो, पेनड्राइव्हच्या मेनूतही चालतो, मग पुढे गेल्यावरच काय होतं? तर तोपर्यंत कीबोर्ड बायोस सांभाळत असतो. यूएसबी कीबोर्डशी बोलायची त्याची स्वतःची साधी सोय असते आणि मेनू तिच्यावरच चालतो. लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सुरू झाला की तो सगळा कारभार आपल्या हाती घेतो, स्वतःचे ड्रायव्हर लावतो आणि प्रत्येक पोर्टवर काय आहे ते नव्याने विचारतो. सरकारी ऑफिसात चार्ज देतात-घेतात, तसलाच प्रकार. बऱ्याच जुन्या बोर्डांच्या बायोसमध्ये ‘एक्सएचसीआय हँड-ऑफ’ नावाची सेटिंग दिसते, ती ह्याच चार्जची. जुना मुनीम किल्ल्या न सोपवता गावाला गेला, तर नव्याला कपाटच उघडता येत नाही. अशा वेळी डेस्कटॉप दिमाखात उघडतो आणि माऊस मात्र मेलेला.

म्हणून बायोसमध्ये कीबोर्ड चालतोय एवढं कळलं की निम्मं काम झालं. वायर, कीबोर्ड आणि ते पोर्ट ठीक आहेत. अडतीत मला आधी हळदीचाच संशय आला होता. पुढच्या पोर्टांत ती पिवळी भुकटी इतकी बसली होती की फुंकर मारली तर शिंका याव्यात. पण त्याच पोर्टावरून मेनूत बाणाची कळ चालली होती, म्हणजे हळद निर्दोष. उलट, कीबोर्ड बायोसमध्येही चालत नसेल तर लिनक्सचा विचारच सोडा. पोर्ट, वायर, सेल बघा. बायोसमधला फास्ट बूटही बघा, कारण तो वेळ वाचवण्यासाठी काही मशीनवर यूएसबी जागं करायचंच टाळतो. (विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप हे वेगळं प्रकरण. ते यूएसबीला हात लावत नाही, विंडोजची डिस्क अर्धवट झोपलेली ठेवतं. नावं इतकी सारखी ठेवणाऱ्याला काय म्हणावं!)

आता दोन्हीतला फरक ओळखायचा कसा? घड्याळाची खूण दिवाणजींनी दाखवलीच. त्यात सेकंद दिसत नसतील तर पूर्ण मिनिटभर थांबायला हवं, आणि आपल्या हाताला नेमकं तेच जमत नाही.

दुसरी खूण कॅप्स लॉकची. बहुतेकांना वाटतं तो दिवा कीबोर्ड स्वतः लावतो. तसं नाही. कळ दाबली की निरोप मशीनकडे जातो आणि मशीन उलट सांगतं, “दिवा लाव.” म्हणजे दिवा लागणं-विझणं ही पोचपावती आहे. दिवा बदलतोय आणि स्क्रीन ढिम्म आहे, तर कीबोर्ड निर्दोष, अडचण चित्रात. पण दिवा बदलला नाही तर घाईने काही ठरवू नका. डेस्कटॉप उघडलेला असताना तो दिवा लावायचं काम डेस्कटॉपकडेच असतं, त्यामुळे नुसता डेस्कटॉप अडकला तरी दिवा गप्प राहतो.

आणि दिवा आपोआपच लुकलुकायला लागला तर? लॅपटॉपच्या अंगच्या किंवा जुन्या गोल पिनेच्या पीएस/२ कीबोर्डवर असं दिसलं तर तो कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलने स्वतःच हात टेकलेत. यूएसबी कीबोर्डवर ही खूण मिळत नाही, म्हणून लुकलुक नाही म्हणजे पॅनिक नाही असं समजू नका.

माऊसखालचा लाल दिवा मात्र कशाचाच पुरावा नाही. पोर्टातून वीज येतेय, एवढंच तो सांगतो. “लाईट तर लागतीय की,” असं म्हणत लोक माऊस आपटत बसतात.

माझी सगळ्यात आवडती परीक्षा पॉवरच्या बटणाची. दाबून धरायचं नाही, हलकेच एकदा दाबून सोडायचं. ह्या बटणाला कीबोर्डची वाट लागत नाही. मशीन जिवंत असेल तर ‘बंद करू का’ विचारणारी खिडकी उघडते किंवा ते शिस्तीत बंद व्हायला लागतं. काहीच झालं नाही तर गोठल्याचा संशय बळावतो.

ऐकू न येण्याच्या प्रकारात कारणं भरपूर, पण एक तर्क फार कामाचा आहे. डेस्कटॉप पेनड्राइव्हवरून उघडला, म्हणजे पेनड्राइव्ह ज्या पोर्टात आहे तिथलं यूएसबी कर्नलच्या ताब्यात नीट आलंय. मग कीबोर्ड त्याच्या शेजारच्या पोर्टात लावा. अडतीत पेनड्राइव्ह मागच्या बाजूला होता आणि कीबोर्ड-माऊस पुढच्या निळ्या पोर्टांत. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर निळ्या यूएसबी ३.० पोर्टांची चिप वेगळी असायची, काळ्या पोर्टांची वेगळी. दोन्ही वायरी मागे नेल्या आणि बाण टुणकन हलला. मशीन बंदही करावं लागलं नाही. दिवाणजींचा चेहरा मात्र ‘एवढ्यासाठी तास?’ असा झाला.

तेवढ्याने भागलं नसतं, तर बायोसमध्ये जाऊन ते हँड-ऑफ चालू केलं असतं. आणि हे लिनक्सचंच दुखणं आहे असं समजू नका. २०१५ मध्ये इंटेलच्या सहाव्या पिढीच्या चिपसेटांतून जुना यूएसबी २ चा कंट्रोलर गेला, तेव्हा विंडोज ७ टाकणाऱ्यांचे कीबोर्ड-माऊस सेटअपच्या पहिल्याच पानावर मरायचे, कारण त्या डीव्हीडीत यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नव्हता. लिनक्सच्या कर्नलमध्ये तो २००९ पासून आहे.

वायरलेस माऊसची गंमत वेगळी. तो मरत नाही, अडखळतो. यूएसबी ३ चं पोर्ट किंवा पेनड्राइव्ह २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतो आणि माऊसचा डोंगल नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. दोघं खेटून लावले की बाण उड्या मारतो आणि माणसाला वाटतं मशीन हँग होतंय. डोंगल दूरच्या पोर्टात लावा. ब्लूटूथ कीबोर्ड असेल तर आशाच नको, कारण त्याची ओळख विंडोजशी झालेली असते आणि पेनड्राइव्हवरून उठलेलं लिनक्स त्याला परकं. इन्स्टॉल करताना वायरचा साधा कीबोर्ड-माऊस हवाच. मी तर पिशवीत एक पीएस/२ कीबोर्डही ठेवतो. १९८७ च्या घराण्यातला आहे, पण यूएसबीशी त्याचा काही संबंध नसल्यामुळे साक्षीदार म्हणून पक्का. मशीन चालू करायच्या आधी लावायचा, मध्येच नाही.

लॅपटॉपवर नुसता टचपॅड मेला आणि कीबोर्ड चालला, किंवा उलट झालं, तर ते नक्कीच गोठणं नाही. यूएसबी माऊस लावून काम उरका. नवा लॅपटॉप आणि जुनी आयएसओ (जिच्यापासून पेनड्राइव्ह बनवतात ती फाइल) अशी जोडी असेल तर आधी नव्या कर्नलची आयएसओ उतरवा. २०२२ मध्ये रायझन ६००० चे काही लॅपटॉप आले, त्यांचे अंगचे कीबोर्ड त्या वेळच्या कर्नलवर चालत नव्हते. पुढच्या कर्नलमध्ये ते सुधारलं.

खरं गोठणं बहुधा चित्राच्या बाजूने येतं, आणि त्याची वेळ ठरलेली असते: लोगो जातो, स्क्रीनचं रिझोल्यूशन बदलतं आणि तिथेच सगळं थिजतं. त्या क्षणी कर्नल ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर लावत असतो. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी पेनड्राइव्हवर बऱ्याचदा नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर असतो. काही कार्डांशी त्याचं पटतं, काहींशी नाही. इथे पोर्ट बदलून काही होत नाही. उबुंटूच्या (हा लिनक्सचाच दुसरा अवतार) मेनूत सेफ ग्राफिक्स निवडा, मिंटमध्ये कंपॅटिबिलिटी मोड. तसा पर्याय नसेल तर मेनूवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (nomodeset) हा शब्द इंग्रजीत लिहा, सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा नाही, आणि एफ१० दाबा. त्यामुळे कर्नल स्वतःचा ड्रायव्हर लावत नाही, बायोसने दिलेल्या साध्या चित्रावर काम चालवतो. अक्षरं मोठी आणि बटबटीत दिसतील, दिसू द्या. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा उठवतानाही हाच शब्द पुन्हा द्यावा लागू शकतो. मग योग्य ड्रायव्हर टाकून तो काढता येतो.

आणि ह्या दोघांच्या मधलाही एक प्रकार आहे. नुसता डेस्कटॉप अडकलेला, खाली कर्नल धडधाकट. कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली तर तुम्ही इथे आहात. तीही आली नाहीत तरी एक शेवटची वाट उरते: आल्ट आणि प्रिंटस्क्रीन दाबून ठेवायचे आणि दर दोन-तीन सेकंदांनी एस, यू, बी ह्या कळा दाबायच्या. एसने लिहायचं राहिलेलं डिस्कवर उतरतं, यूने डिस्क फक्त वाचण्यापुरती होते, बीने मशीन पुन्हा सुरू होतं. हा निरोप थेट कर्नलला जातो. ह्यानेही मशीन हललं नाही आणि कीबोर्डची खात्री असेल, तर मग खुशाल पॉवर दाबून धरा, गोठलंच आहे.

पार्टिशन पडायच्या आधी, म्हणजे डिस्कचे भाग पाडायच्या आधी, मशीन कितीही वेळा मध्येच बंद केलं तरी फार बिघडत नाही, पेनड्राइव्हवरचं राज्य रॅममध्ये असतं. फाइली उतरायला लागल्यावर मात्र हात आवरा. तेव्हा बंद केलं तर ना धड जुनं उरतं ना नवं, आणि पुन्हा पहिल्यापासून. ४ जीबीपेक्षा कमी रॅम आणि जुनी फिरती हार्डडिस्क असली की मशीन इतकं मंदावतं की माऊस अर्धा मिनिट हलत नाही. हे ना गोठणं, ना बहिरेपण. म्हैस रवंथ करत बसलीय एवढंच. हार्डडिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर तिला बसू द्या.

अडतीतही तेच झालं. दोन-तृतीयांश पट्टी भरली आणि सगळं थांबलं. बाण हलेना, पट्टी सरकेना. माझा हात बटणाकडे गेला. दिवाणजी काही बोलले नाहीत, नुसतं चष्म्यावरून पाहिलं. मी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. १२:०७. बऱ्याच वेळाने १२:०८. मग चहा सांगितला.