यंग गुणांक

घन पदार्थ ओढला किंवा दाबला असता लांबीतल्या बदलाला तो किती विरोध करतो, हे सांगणारी संख्या म्हणजे यंग गुणांक. दर एकक क्षेत्रफळावरचे बल म्हणजे प्रतिबल, आणि मूळ लांबीच्या मानाने लांबीत पडलेला फरक म्हणजे विकृती. प्रतिबलाला विकृतीने भागले की हा गुणांक मिळतो. दोन्ही समप्रमाणात वाढतात तोवरच या भागाकाराला अर्थ आहे.

पोलादाचा गुणांक सुमारे 200 गिगापास्कल (एक गिगापास्कल म्हणजे दर चौरस मीटरला एक अब्ज न्यूटन बल), अॅल्युमिनियमचा 70, तर हिऱ्याचा 1000 च्याही वर. मऊ रबराचा एका गिगापास्कलच्या शंभराव्या भागाइतकाही भरत नाही. बोलीभाषेत रबर ‘जास्त इलॅस्टिक’. भौतिकीत मात्र तो मान पोलादाचा, कारण तिथे बदलाला जास्त विरोध करणारा पदार्थ जास्त इलॅस्टिक. विद्यार्थी इथे हमखास अडखळतात.

एक मीटर लांब, एक मिलिमीटर जाड पोलादी तारेला 10 किलोचे वजन टांगले, तर ती जेमतेम 0.6 मिलिमीटर लांबते. एवढीशी वाढ नुसत्या डोळ्यांनी नीट मोजता येत नाही. म्हणून यंग गुणांक मोजायच्या सर्लच्या उपकरणात एकाच आधारावरून दोन सारख्या तारा सोडतात. आधार वाकला किंवा हवा तापली, तरी परिणाम दोन्हींवर सारखाच होतो. एका तारेवर अर्ध्या किलोची चकती चढवली की दोन्ही तारांमध्ये आडव्या ठेवलेल्या पाणसळीतला बुडबुडा सरकतो. स्क्रू फिरवून त्याला पुन्हा मध्यावर आणायचे आणि फरक वाचायचा. तारेतले पीळ आधीच थोडे वजन लावून काढले नाहीत, तर पहिली एक-दोन वाचने वाया गेलीच म्हणून समजा.

ताण आणि वाढ यांचे समप्रमाण रॉबर्ट हूक यांनी 1678 मध्ये प्रसिद्ध केले. गुणांकाला नाव मिळाले ते टॉमस यंग यांचे, 1807 मधल्या त्यांच्या विवेचनावरून. पण जोर्दानो रिकाती यांचे प्रयोग त्याआधीचे, 1782 चे. यंग यांची व्याख्याही आजच्यासारखी सुटसुटीत नव्हती.

ताठपणा म्हणजे मजबुती नव्हे. बांधकामातली एफई 250 ग्रेडची पोलादी सळई आणि एफई 500 ग्रेडची सळई यांच्या ताकदीत दुपटीचा फरक आहे, पण दोन्हींचा यंग गुणांक एकच, 200 गिगापास्कल. तो अणूंमधल्या बंधांवर ठरतो, आणि लोखंडाचे बंध ग्रेडनुसार फारसे बदलत नाहीत. त्यामुळे तुळई झोल खात असेल, तर नुसती भारी ग्रेडची सळई घालून भागत नाही. तुळईची खोली वाढवावी लागते.