ग्राफ डेटाबेससाठी उत्तम कार्यपद्धतींचे लेखन

ग्राफ डेटाबेस कसा वापरावा आणि तो कुठे दगा देतो, याविषयीचे अनुभवसिद्ध मार्गदर्शन लिहून एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पाच्या अधिकृत दस्तऐवजात दाखल करण्याचे काम. प्रकल्पांत अशा मजकुराला ‘बेस्ट प्रॅक्टिसेस’ म्हणतात. डेटाबेसच्या गाभ्याचा कोड ज्याने कधी उघडलेला नाही, त्यालाही हे योगदान देता येते. मात्र त्याने तो डेटाबेस खऱ्या माहितीवर चालवलेला असला पाहिजे.

ग्राफ डेटाबेसमध्ये माहिती नोड आणि त्यांना जोडणारे संबंध या रूपात साठवतात. दाभोळ आणि धोपावे ही वाशिष्ठीच्या खाडीच्या दोन तीरांवरची गावे. रस्त्याने जायचे तर खाडीला मोठा वळसा पडतो, फेरीबोटीने काही मिनिटांत पलीकडे. ही दोन गावे दोन नोड, आणि फेरीबोट हा त्यांच्यातला संबंध. भाडे, वेळापत्रक, गाडी चढते की नाही, हे सारे त्या संबंधाचेच गुणधर्म. निओफोरजे (Neo4j) या ग्राफ डेटाबेसमध्ये प्रत्येक संबंधाला दिशा द्यावीच लागते, म्हणून नवखा माणूस ‘दाभोळहून धोपावे’ आणि ‘धोपाव्याहून दाभोळ’ अशा दोन नोंदी करतो. त्याची गरज नसते. एकदा साठवलेला संबंध दोन्ही बाजूंनी तितक्याच सहज ओलांडता येतो, आणि क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, दिशा न सांगितली तरी चालते. दुहेरी नोंदीने मोजणी मात्र दुप्पट होते. पण जाण्या-येण्याचे वेळापत्रक खरोखर वेगळे असेल, तर दोन संबंध ठेवणेच बरोबर. या ‘पण’शिवाय दिलेला सल्ला अर्धाच राहतो.

या क्षेत्रातले प्रमुख प्रकल्प फार जुने नाहीत. निओफोरजेची १.० आवृत्ती २०१० साली आली. ग्रेम्लिन ही ग्राफची क्वेरी भाषा सांभाळणारा टिंकरपॉप २०१६ मध्ये अपाची या ओपन सोर्स प्रतिष्ठानचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाला. टायटन या प्रकल्पाच्या पायावर उभा राहिलेला जॅनसग्राफ हा ग्राफ डेटाबेस २०१७ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. ग्राफसाठीची जीक्यूएल ही आंतरराष्ट्रीय प्रमाणभाषा तर एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तक्त्यांत माहिती ठेवणाऱ्या रिलेशनल डेटाबेसमागे पन्नास वर्षांचे शहाणपण साठलेले आहे. इथे ते अजून लिहिले जात आहे, म्हणून एका माणसाच्या दोन परिच्छेदांनाही वजन असते.

संदर्भपुस्तिका आणि उत्तम कार्यपद्धती यांत गल्लत होते. जॅनसग्राफमध्ये आराखडा, म्हणजे कोणते गुणधर्म असतील याची व्याख्या, आपोआप तयार होण्याची सोय आहे. ती कोणत्या सेटिंगने बंद होते, हे संदर्भपुस्तिका सांगते. प्रत्यक्ष वापरात ती बंदच का ठेवावी, हे कार्यपद्धतीच्या पानाने सांगायचे असते. मराठी माणसाला याचे कारण समजायला वेळ लागत नाही. जुन्या दप्तरांत ‘गांव’ असते, आजच्या शुद्धलेखनात ‘गाव’. दोन जणांनी दोन फाइलींतून माहिती भरली आणि स्वयंचलित आराखडा चालू असला, तर डेटाबेस निमूटपणे दोन वेगळे गुणधर्म बनवतो. त्रुटीचा संदेश येत नाही. शोधात निम्मी गावे दिसत नाहीत एवढेच, आणि ती कुठे गेली हे कळायला दिवस जातात.

कोकणातला हापूस हे अशा लेखनासाठी नामी उदाहरण आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून कोणती पेटी कोणत्या बागेची, हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा झाला, आणि बागायतदार, बाग, वाडी, पेटी, गाडी, बाजार ही साखळी मुळातच ग्राफच्या आकाराची आहे. अशी साखळी उभारताना पहिली ठेच लागते ती वाडीच्या नावाला. कोकणातले गाव वाड्यांचे असते, आणि मधलीवाडी, खालचीवाडी, गुरववाडी ही नावे गावोगाव पुन्हा भेटतात. निओफोरजेच्या सायफर या क्वेरी भाषेतली ‘मर्ज’ ही आज्ञा नोड असेल तर तोच घेते, नसेल तर नवा बनवते. ती फक्त ‘मधलीवाडी’ या नावावर चालवली, की दापोलीपासून देवगडपर्यंतच्या साऱ्या मधल्यावाड्यांचा मिळून एकच नोड होतो आणि शेकडो बागा भलत्याच गावाला चिकटतात. यावर उपाय असा की ओळख गावाचा कोड आणि वाडीचे नाव मिळून ठरवावी, आणि त्या जोडीवर अनन्यतेचे (तीच जोडी पुन्हा येऊ न देणारे) बंधन माहिती भरण्याआधी घालावे. बंधन नसेल तर एकाच वेळी चाललेल्या दोन ‘मर्ज’ एकाच वाडीचे दोन नोड बनवू शकतात. डेटाबेसने दिलेला अंतर्गत क्रमांकही ओळख म्हणून बाहेर वापरू नये. नोड पुसल्यावर निओफोरजे तोच क्रमांक पुढे दुसऱ्या नोडला देऊ शकतो.

दुसरी ठेच वाशीच्या बाजाराची. हंगामात पेट्यांचा लोंढा तिकडे जातो. प्रत्येक पेटी थेट ‘वाशी’ या नोडला जोडली, तर त्या एका नोडला लाखो संबंध फुटतात. याला सुपरनोड म्हणतात. मग ‘या पेटीबरोबर त्या दिवशी आणखी कोणत्या बागांचा माल उतरला’ असे विचारले, की क्वेरी पेटीवरून वाशीला जाते आणि तिथून सगळ्या हंगामांच्या सगळ्या पेट्या धुंडाळते. मध्ये ‘गाडी’ हा नोड आणला, म्हणजे पेटी गाडीला आणि गाडी त्या दिवसाच्या आवकेला जोडली, तर शोध काही शेकड्यांत आटोपतो. जॅनसग्राफमध्ये त्या नोडपुरता तारखेनुसार इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणारी सूची, करण्याचाही मार्ग आहे. दोन्ही उपाय लिहावेत, पण पहिला आधी सांगावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण गाडी ही वस्तू खरोखर अस्तित्वात आहे. बागायतदार आणि दलाल दोघेही तिच्याच भाषेत बोलतात.

योगदानाची रीत प्रकल्पागणिक थोडी बदलते. जॅनसग्राफचे दस्तऐवज मार्कडाउनमध्ये, कोडच्याच भांडारात असतात. निओफोरजेचे ॲस्कीडॉकमध्ये. दोन्ही साध्या मजकुरात मांडणी लिहिण्याच्या पद्धती. आधी इश्यू (प्रकल्पाच्या पानावरची चर्चेची नोंद) उघडून काय लिहायचे ते मांडावे, मग आपल्या प्रतीत बदल करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे ते बदल स्वीकारण्याची विनंती, द्यावी. जॅनसग्राफसारखे प्रकल्प योगदानकर्त्याचा करार आणि प्रत्येक कमिटवर, म्हणजे नोंदवलेल्या बदलावर, सही मागतात. बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनाचे काम इंटरनेटशिवाय चालते, ही कोकणात मोठीच सोय आहे. पावसाळ्यात दोन दिवस वीज नसली, तरी लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर कमिट होत राहतात आणि लाइन आल्यावर एकदम पाठवता येतात.

खरी कसोटी रिव्ह्यूत, म्हणजे प्रकल्पाकडून होणाऱ्या तपासणीत, लागते. ‘इंडेक्स लावा, वेग वाढतो’ असे वाक्य मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे. कोणती आवृत्ती, किती नोड, आधीची क्वेरी कोणती, क्वेरीच्या कामाचा हिशेब देणाऱ्या ‘प्रोफाइल’ने काय दाखवले, हे सोबत लागते. जॅनसग्राफमध्ये आधीपासून भरलेल्या माहितीवर इंडेक्स नंतर घातला, तर री-इंडेक्स केल्याशिवाय जुन्या नोंदी त्यात येत नाहीत. हे वाक्य सुटले, तर सल्ला पाळणाऱ्याला अपुरी उत्तरे मिळतील आणि दोष डेटाबेसला लागेल. नमुन्याची माहिती लहान ठेवावी. दोन गावे, दोन मधल्यावाड्या आणि चार पेट्या एवढ्यावर वाचक स्वतः चूक घडवून पाहू शकतो. बागायतदारांची खरी नावे, फोन किंवा सातबाऱ्याचे तपशील नमुन्यात कधीही घालू नयेत. प्रकल्पाचे भांडार जगभर उघडे असते आणि एकदा गेलेली गोष्ट त्याच्या इतिहासात राहते.

जुना सल्ला काढून टाकणे हेही याच कामाचा भाग आहे, आणि त्याची कदर कमी होते. मोठ्या फाइली भरण्यासाठी निओफोरजेच्या मार्गदर्शिकांत पूर्वी ‘यूझिंग पीरिऑडिक कमिट’ ही आज्ञा हमखास असे. पाचव्या आवृत्तीत ती गेली आणि तिची जागा उपक्वेरी व्यवहारांच्या तुकड्यांत चालवण्याच्या, ४.४ आवृत्तीत आलेल्या रचनेने घेतली. जॅनसग्राफ ज्यात माहिती साठवू शकतो त्या कॅसँड्रा डेटाबेसच्या ४.० आवृत्तीतून थ्रिफ्ट ही जोडणीची जुनी पद्धत हद्दपार झाली, तेव्हा त्यावर बेतलेली जॅनसग्राफची जुनी सेटिंगे निरुपयोगी ठरली. अशी ओळ एखाद्या पानावर उरलेली दिसली, तर ती खोडणारी एका ओळीची पुल रिक्वेस्ट नवख्याने पहिले योगदान म्हणून बेलाशक द्यावी.