समुद्रतळाखालचा फॉल्ट आडवा सरकतो तेव्हा गाळाचं काय होतं

समुद्रतळाच्या सर्व्हेचा डेटा हातात आला की आमचे बरेच ग्राहक पहिलं हेच विचारतात, "फॉल्टची कुठली बाजू खाली गेलीय?" फॉल्ट म्हणजे खडकातली भेग, जिच्या दोन बाजू सरकतात. आणि स्ट्राइक-स्लिप फॉल्ट असेल तर चूक इथंच सुरू होते, कारण त्याच्या दोन बाजू मुख्यतः एकमेकींना घासत आडव्या सरकतात, वर-खाली होणं हा नंतरचा परिणाम.

फॉल्ट अगदी सरळ असता तर तळावर फार काही दिसलंच नसतं. पण तो कुठंतरी वाकतो, किंवा एक तुकडा संपतो आणि दुसरा थोडा बाजूला सरकून सुरू होतो. तिथं बाजू एकमेकींपासून ओढल्या गेल्या तर मधला भाग खचत जातो आणि त्यात गाळ साठत राहतो, हे पुल-अपार्ट बेसिन. दाबल्या गेल्या तर तेच थर तिरप्या घड्या पडून वर येतात. तुर्कस्तानातल्या मार्मारा समुद्रात दोन्ही बघायला मिळतं, उत्तर अनातोलिया फॉल्टवर 1,100 मीटरहून खोल अशी तीन बेसिन आहेत आणि त्यांच्या मधेमधे उंचवटे. सरकण्याचा वेग वर्षाला 20-25 मिलिमीटरच, पण 1999 च्या भूकंपात जमिनीवर काही ठिकाणी एका झटक्यात जवळपास 5 मीटर सरकलं होतं.

सिस्मिक सेक्शनमधे, म्हणजे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून काढलेल्या तळाखालच्या उभ्या छेदात, हा फॉल्ट खाली एकच उभी रेघ असतो आणि वर येताना फुलासारखा फाटतो, म्हणून त्याला फ्लॉवर स्ट्रक्चरच म्हणतात. मधला भाग खचलेला असेल तर ओढ, उचललेला असेल तर दाब. गंमत म्हणजे एका लाइनवर (सर्व्हेच्या एका रेषेवरच्या छेदात) डावी बाजू खाली दिसते आणि पुढच्याच लाइनवर उजवी! फॉल्टच्या दोन्ही बाजूंना त्याच थराची जाडी जुळत नाही, कारण समोरासमोर आलेला गाळ मुळात वेगळ्या जागी साठलेला असतो. त्यामुळं आम्ही एका सेक्शनवरून कधीच निष्कर्ष देत नाही, शेजारच्या लाइन्स लागतात, थ्रीडी डेटा असेल तर वरून आडवा काप बघतो, आणि मल्टीबीमच्या (ध्वनिलहरींनी तळाची खोली मोजणाऱ्या यंत्राच्या) नकाशावर एखादी जुनी चॅनल, म्हणजे प्रवाहानं कोरलेली वाट, मधेच तुटून बाजूला गेलेली सापडली की मग खात्रीनं बोलता येतं.

केबल किंवा पाइपलाइन टाकणाऱ्यांनी फॉल्ट कुठं आहे एवढ्यावर थांबू नका, सरकण्याची दिशा आमच्याकडून नक्की मागून घ्या. कारण पाइप कुठल्या कोनात फॉल्ट ओलांडतोय त्यावर तो ताणला जाणार की दाबला जाऊन वाकणार हे ठरतं, आणि दाबापेक्षा ताण तो जास्त सहन करतो.