अंगरक्षक कोणाचे? थाई सैन्याच्या रचनेची पार्श्वभूमी

१८ जून २०२५ रोजी थायलंडच्या पंतप्रधानांचे एक फोन संभाषण फुटले. पलीकडे कंबोडियाचे माजी पंतप्रधान होते आणि बोलणे सीमेवरच्या तणावाचे चालले होते. बोलता बोलता पंतप्रधानांनी ईशान्य सीमा सांभाळणाऱ्या स्वतःच्याच सेनापतीला ‘विरोधी बाजूचा’ म्हटले. १ जुलैला त्यांचे अधिकार गोठवले गेले आणि २९ ऑगस्टला घटनात्मक न्यायालयाने त्यांना पदावरून दूर केले. शेजारच्या नेत्याशी त्या फार मऊपणे बोलल्या, हा रागाचा एक भाग होताच. पण एका प्रादेशिक सेनापतीविषयीचे दोन शब्द सरकारच्या प्रमुखाला इतके महाग का पडावेत, हे तिथल्या सैन्याची रचना पाहिल्याशिवाय उमगत नाही.

कागदावरची उतरंड सरळ आहे. संरक्षणमंत्री, त्यांच्याखाली सर्वोच्च सेनापती आणि पुढे तिन्ही दले. प्रत्यक्षात वजन भूदलप्रमुखाचे. भूदलाचे चार प्रादेशिक विभाग आहेत, त्यांतला पहिला बँकॉकचा, आणि सत्तापालटाच्या दृष्टीने खरे महत्त्व त्याचेच. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बदल्या दरवर्षी १ ऑक्टोबरला लागू होतात. थाई राजकारणाची वहिवाट कळायची असेल तर निवडणुकीच्या निकालाइतकीच ही यादीही बारकाईने वाचावी लागते.

आजच्या थायलंडच्या भूमीवरच्या जुन्या अयुथ्थया राज्यात कायमचे सैन्य फारसे नव्हते. रयतेवर वेठीची चाकरी होती, लढाईला माणसे तिच्यातूनच निघत. आज संरक्षण मंत्रालयाला ‘कलाहोम’ म्हणतात. ते तेव्हाच्या एका मोठ्या खात्याचे नाव. मधल्या काळात त्या खात्याकडे दक्षिणेच्या प्रांतांचा मुलकी कारभारही होता, त्यामुळे जुन्या कागदांत हा शब्द दिसला म्हणजे विषय फौजेचाच आहे असे धरून चालत नाही. आधुनिक लष्करी खाते आणि अधिकाऱ्यांची शाळा ही दोन्ही १८८७ मधली. १८९३ च्या जुलैत फ्रेंच युद्धनौका नदीच्या मुखावरच्या पाकनामचा तोफखाना ओलांडून थेट बँकॉकला पोहोचल्या. १९०२ मध्ये उत्तरेत आणि ईशान्येत बंडे उठली. १९०५ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा आला. या क्रमाकडे पाहिले तर नवी फौज परक्यांशी लढण्यापेक्षा देश आतून बांधून ठेवण्यासाठीच जास्त कामी आली, असे माझे मत आहे. भरती आजही आहे. दर एप्रिलला एकविशीतली मुले चिठ्ठी उचलतात: काळी निघाली तर सुटका, लाल निघाली तर दोन वर्षांपर्यंत नोकरी.

२४ जून १९३२ ला अधिकारी आणि मुलकी नोकरांच्या एका गटाने राजाची निरंकुश सत्ता संपवली. त्यानंतर डझनभर यशस्वी उठाव झाले. एक फसलेला उठाव मात्र रचनेच्या दृष्टीने मोलाचा. जून १९५१ मध्ये अमेरिकेने दिलेले गाळ उपसण्याचे जहाज ताब्यात घेण्याचा समारंभ चालू असताना नौदलातल्या काही अधिकाऱ्यांनी पंतप्रधानांनाच पकडून आपल्या मुख्य युद्धनौकेवर नेले. ते आत असतानाच त्या नौकेवर हवाई दलाने बॉम्ब टाकले आणि पंतप्रधान पोहत किनाऱ्याला लागले. त्यानंतर नौदलाचे बळ छाटले गेले, आणि भूदलाला तोलून धरील असे दुसरे दल उरले नाही.

आता शीर्षकातल्या ‘अंगरक्षक’ या शब्दाकडे येऊ, कारण भूदलाच्या दोन रेजिमेंट राजाकडे देण्याचा २०१९ चा वाद त्याच्याभोवतीच फिरतो. ‘थहान रक्सा फ्रा ओंग’ म्हणजे राजाचे अंगरक्षक सैनिक. यातला ‘रक्सा’ म्हणजे आपला रक्षा आणि ‘ओंग’ म्हणजे आपले अंग, तेव्हा मराठी कानाला हा शब्द अनोळखी वाटू नये. गफलत अशी की अनेक पलटणींना ही उपाधी फक्त मानाची म्हणून मिळालेली आहे. संचलनात त्या रंगीत डगले आणि उंच केसाळ टोप्या घालतात, पण हुकूम भूदलाचा पाळतात. राजा घटनेनुसार सैन्याचा प्रमुख, तोही मानाचाच, असेच कित्येक दशके धरले जाई.

३० सप्टेंबर २०१९ ला निघालेल्या तातडीच्या वटहुकमाने पहिली आणि अकरावी पायदळ रेजिमेंट भूदलातून काढून थेट राजाच्या सुरक्षा विभागाकडे दिली. या दोन्ही बँकॉकच्या. २०१० च्या रस्त्यावरच्या संघर्षात सरकारचा मुक्काम अकराव्या रेजिमेंटच्या छावणीत होता. राजधानीत उठाव करायचा किंवा मोडायचा तर ज्या पलटणी हाताशी लागतात, त्यांत या दोन्ही आल्याच. उपाधी राजाची होतीच, आता हुकूमही त्याच्याकडे गेला.

१७ ऑक्टोबरला संसदेच्या कनिष्ठ सभागृहात वटहुकमाच्या बाजूने ३७४ मते पडली, विरोधात ७०. विरोध करणारा पक्ष नवा होता. राजाच्या सुरक्षेला आक्षेप नाही, असे त्याने आवर्जून सांगितले. अत्यंत निकडीचे आणि टाळता न येणारे कारण असल्याशिवाय वटहुकूम काढता येत नाही, मग इथे निकड कोणती, एवढाच त्याचा प्रश्न होता. राजघराण्याची सुरक्षा अबाधित राहावी यासाठी हे गरजेचे, यापलीकडे सरकारपक्षाकडून फारसे उत्तर आले नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो पक्ष विसर्जित केला. त्या निकालाचे कारण कर्जाच्या व्यवहाराचे होते. तरी सभागृहात तो प्रश्न विचारला गेला, हेच मला त्या सबंध प्रकरणातले सर्वांत धाडसाचे पाऊल वाटते.

मंत्रिमंडळाच्या हाती मग काय उरते? २००६ च्या उठावानंतर नेमलेल्या विधिमंडळाने केलेल्या कायद्यानुसार सेनाधिकाऱ्यांच्या नेमणुका सात जणांची समिती ठरवते. संरक्षणमंत्री, उपमंत्री, मंत्रालयाचे सचिव, सर्वोच्च सेनापती आणि तीन दलप्रमुख. सचिवही सेनाधिकारीच असतात, म्हणजे सातांतले पाच गणवेशातले. डिसेंबर २०२४ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या एका खासदाराने हा अधिकार मंत्रिमंडळाकडे आणणारा मसुदा मांडला. टीकेचा भडका उडाला, मित्रपक्षही बिथरले आणि काही दिवसांतच मसुदा मागे घेतला गेला. सहा महिन्यांनी ज्यांचा फोन फुटला, त्या पंतप्रधान याच पक्षाच्या होत्या.