औषध कुठपर्यंत पोहोचलं होतं?

सीटी स्कॅनच्या वेळी हाताच्या शिरेतून औषध सोडलं की अंग आतून एकदम गरम झाल्यासारखं वाटतं. ज्यांनी तो स्कॅन करून घेतलाय त्यांना ही भावना नेमकी आठवेल. हे औषध म्हणजे आयोडीनयुक्त ‘कॉन्ट्रास्ट’. आयोडीन क्ष-किरण भरपूर शोषतं, त्यामुळे ते जिथे असेल तो भाग चित्रात उजळतो.

पण ते एका जागी थांबत नाही. हातातून हृदयात, फुप्फुसांतून फिरून पुन्हा हृदयात आणि तिथून महारोहिणीत. साधारण 20-25 सेकंदांत रोहिण्या झळकू लागतात. 70 सेकंदांच्या आसपास आतडी आणि प्लीहेकडून परतणारं रक्त पोर्टल शिरेवाटे यकृतात भरतं. आणखी काही मिनिटांनी तेच औषध मूत्रपिंडांतून मूत्राशयाकडे निघालेलं दिसतं. या टप्प्यांनाच ‘फेज’ म्हणतात.

यकृताच्या बाबतीत या टप्प्यांवर फार काही अवलंबून असतं. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, तर यकृताच्या कर्करोगाची गाठ बहुधा रोहिणीच्या रक्तावर पोसलेली असते. म्हणून 35-40 सेकंदांच्या चित्रात ती आजूबाजूच्या यकृतापेक्षा उजळ दिसते आणि नंतरच्या चित्रांत यकृत उजळतं, तेव्हा गाठ काळवंडते. डॉक्टर हा बदलच शोधत असतात. कुठलं चित्र कुठल्या टप्प्यातलं, हेच चुकलं तर बदलाचा अर्थही चुकतो.

फाइलवर लिहिलेलं असतंच की, असं कुणालाही वाटेल. डायकॉम, म्हणजे वैद्यकीय चित्रं साठवण्याच्या ठरावीक प्रकारच्या फाइलमध्ये वर्णनाची जागा असते खरी, पण तिथला मजकूर यंत्रागणिक, रुग्णालयागणिक बदलतो. कुठे संक्षेप, कुठे स्थानिक भाषा, कुठे जुनाच मजकूर तसाच राहिलेला. हजारो स्कॅन गोळा करून संशोधन करायचं तर यावर विसंबता येत नाही. शिवाय मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी अडचण: घड्याळ सगळ्यांसाठी सारखं चालतं, रक्त चालत नाही. हृदय अशक्त असेल तर औषध उशिरा पोहोचतं. लेबलावर पोर्टल फेज लिहिलेलं असलं, तरी अशा रुग्णाच्या शरीरात अजून रोहिण्यांचाच टप्पा चालू असू शकतो. खरं उत्तर चित्रातच असतं आणि मशीन लर्निंगची खरी गरज इथे लागते.

एक मार्ग म्हणजे हजारो चित्रं न्यूरल नेटवर्कला दाखवून त्याला टप्पे ओळखायला शिकवणं. दुसरा मार्ग मला अधिक पटतो, कारण त्यातलं कारण आपल्याला तपासता येतं. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या विद्यापीठ रुग्णालयात तयार झालेलं ‘टोटलसेगमेंटेटर’ हे मुक्त सॉफ्टवेअर आधी चित्रातले अवयव आपोआप आखून घेतं. 2023 मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला, तेव्हा ते 104 रचना ओळखत होतं. मग महारोहिणी, पोर्टल शीर, यकृत, मूत्राशय अशा प्रत्येक ठिकाणची उजळी मोजली जाते. ही मोजणी हौन्सफील्ड एककांत होते: पाणी 0, हवा उणे 1000, औषधाविना रक्त 40 च्या आसपास. महारोहिणी 300 वर आणि पोर्टल शीर अजून फिकी, म्हणजे औषध नुकतंच पोहोचलंय. दोन्ही जवळपास सारख्या उजळल्या, म्हणजे पोर्टल टप्पा आला. मूत्राशयात उजळी दिसली, तर बराच वेळ उलटलाय. असे आकडे निर्णयवृक्षांतून, म्हणजे ‘हे यापेक्षा जास्त आहे का?’ अशा प्रश्नांच्या फाट्यांतून जातात आणि उत्तर मिळतं.

विशेष म्हणजे हे सॉफ्टवेअर औषध दिल्यानंतर किती सेकंद झाले असावेत याचाही अंदाज देतं. हे शहाणपणाचं आहे. टप्पे ही आपण सोयीसाठी पाडलेली नावं आहेत, रक्त मात्र अखंड वाहतं. 50-55 सेकंदांचं चित्र कुठल्या खणात टाकायचं यावर दोन रेडिऑलॉजिस्टांचंही एकमत होईलच असं नाही. अशा सीमेवरच्या चित्रांवर यंत्रानेही ठाम नाव लावू नये. ती वेगळी काढून माणसाच्या नजरेखालून घालावीत, विशेषतः प्रश्न यकृतातल्या एखाद्या छोट्या गाठीचा असेल तेव्हा.